‘या’ म्हणण्यापुरती जागा

आमच्या रेडिओ केंद्राचा इतिहास तयार करायचं काम माझ्याकडे आलं, कारण केंद्र बंद होणार म्हटल्यावर बाकीच्यांना बदलीची धावपळ होती आणि मला निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. रिकामा माणूस दिसला की त्याच्या गळ्यात काहीतरी बांधायचं, ही ऑफिसांची रीतच आहे. केंद्रप्रमुख विजयकुमार यांनी मला बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाले, "चारुलताजी, आखिरी दिन आधे घंटे का इतिहास बजाएँगे. आप ही बना दीजिए. आपसे पुराना यहाँ अब है कौन?" ही स्तुती होती की टोमणा, ते मी विचारलं नाही. चहा मात्र बरा होता.

मी इंजिनियर. बोलणं, गाणं, निवेदन हे सगळं स्टुडिओवाल्यांचं. ते जे पाठवतील ते हवेत सोडायचं, एवढंच माझं काम, आणि ते मी दुर्गहून रोज येऊन-जाऊन इमानानं केलं. आमचं केंद्र मीडियम वेव्हचं, म्हणजे जुन्या रेडिओवर काटा फिरवून शोधायचं. मनोरा मरोदा वस्तीच्या पलीकडे माळावर, लाल-पांढरा, एकटाच उभा. त्याच्या आसपास राहणाऱ्यांना कित्येकदा रेडिओचीही गरज पडत नसे. गंजलेल्या कुंपणाच्या तारेतून, टिनाच्या पत्र्यातून बारीक आवाजात गाणी ऐकू यायची. अधूनमधून कोणीतरी घाबरून ऑफिसात यायचं, की आमचं कुंपण बोलतंय. मी त्यांना समजावायची की गंजलेल्या सांध्यात रेडिओच्या लहरींचा आवाज होतो, हे विज्ञान आहे, भुताटकी नाही. समजावताना मला जरा तोरा चढायचा, हे कबूल करायला हवं.

इतिहास शोधायला बसले तेव्हा कळलं, की आपल्याच नोकरीच्या जागेबद्दल आपल्याला फारसं ठाऊक नाही. पोलादाचा प्लांट उभा राहत होता तेव्हा चहूकडून माणसं आली, आणि ज्याला त्याला आपल्या भाषेचा आवाज हवा होता. म्हणून तेलुगू, मल्याळी, पंजाबी, बंगाली, सगळ्यांना आठवड्यातून अर्धा तास मिळाला. मराठीच्या वाट्याला रविवारची दुपार आली. कार्यक्रमाचं नाव 'सांगावा'. भंडारा-गोंदियाकडून शेती सोडून आलेली माणसं पोस्टकार्डावर निरोप लिहून द्यायची आणि तो निरोप रेडिओवरून त्यांच्या गावी जायचा. अमक्याच्या आईला सांगणे, पोराला क्वार्टर मिळालं. तमक्याच्या सासऱ्याला सांगणे, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. गावात एका घरी रेडिओ असला तरी पुरे. निरोप संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला माहीत झालेला असे.

'सांगावा' सांगायचे भैयालाल. नोकरी प्लांटच्या कोक ओव्हनवर, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर, रेडिओचं काम सुट्टीच्या दिवशी. आवाज जाड, थोडा बसलेला. ते निरोप वाचत नसत, शेजारच्या अंगणातून बोलावं तसे बोलत. आणि शेवटी म्हणायचे, "बरं तं मंडळी, येतो."

मग ते गप्प व्हायचे. पुढचा कार्यक्रम लगेच सुरू होत नसे. मधे सगळी शांतता. त्या वेळचे इंजिनियर चिडायचे, कारण रेडिओवर मोकळी जागा सोडणं म्हणजे आमच्या धंद्यात पाप. त्यांनी एकदा भैयालालना धरलं. भैयालाल म्हणाले, "लोकं घरी 'या' म्हनतेत न साहेब. त्यायले टाइम नोको द्याले?"

मग ती जागा तशीच राहिली. मला ती चांगली आठवते. आम्ही दुर्गला राहायचो. रविवारी दुपारी आई स्वयंपाकघरातून "या" म्हणायची, बाबा पेपराच्या मागून "या" म्हणायचे आणि मी अभ्यासाच्या वहीवरून मान वर न करता "या" म्हणायची. कोणी येतो म्हटलं की या म्हणायचं, ते काही विचार करून म्हणायचं नसतं. उंबऱ्याला ठेच लागली की हात आपोआप पायाकडे जातो, तसंच ते.

त्या शांततेबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. जुन्या रेडिओवर काटा नुसताच कुठेतरी ठेवला तर खरखर ऐकू येते. ती खरखर म्हणजे तिथं कोणी नाही. पण केंद्र चालू असेल आणि कोणी बोलत नसेल, तर खरखर दबते आणि स्वच्छ शांतता ऐकू येते. मी नव्या पोरांना नेहमी सांगायची: खरखर म्हणजे रिकामं घर. शांतता म्हणजे आत कोणीतरी आहे आणि बोलत नाही.

केंद्राच्या आलमारीत मला भैयालालांच्या शेवटच्या 'सांगाव्या'ची टेप सापडली. त्यांची बायको मरोद्यात सुनेबरोबर राहते असं कळलं, म्हणून मी भेटायला गेले.

भागीरथाबाई बाजेवर बसल्या होत्या. हाडं आणि लुगडं, एवढ्याच. हातात हिरव्या बांगड्या नव्हत्या, चांदीचे दोन सैल गोठ होते, हात हलला की ते एकमेकांवर वाजायचे. भिंतीतल्या फळीवर भरतकामाच्या रुमालाखाली रेडिओ होता. काटा आमच्या केंद्रावर.

"बसा न बाई. तुमी रेडिओतल्या न?"

"रेडिओच्या मागच्या," मी म्हटलं. "बोलणारी नाही मी."

"मंग बराबर हाय. बोलनारे तं लय भेटते."

त्यांची सून दिपाली पाणी घेऊन आली. मी टेपबद्दल सांगितलं तसा भागीरथाबाईंनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. मग त्यांनी जे सांगितलं ते इतिहासात घालण्यासारखं नव्हतं.

"थे गेले त्या दिवशी मी रुसली होती, बाई. आदल्या दिवशी त्यायले मिरच्या आनाले सांगतल्या, थे इसरले. एवढीच गोष्ट. सकाळी सायकल काढली अन् म्हनले, येतो. मी चुलीकडं तोंड करून बसली. अजून एक डाव म्हनले, येतो म्हनलं न व. मी गप. या म्हनलंच नाई."

"मग?"

"मंग काय. रस्त्यातच छातीत कळ आली. मागून लोक नुसती सायकल घेऊन आले." त्यांनी गोठ मागे सारले. "मी या म्हनलं नाई. तं येतीन कसे थे?"

मी मोबाइल काढला. टेपचा आवाज मी त्यात घेऊन ठेवला होता. "ऐकवू का?" त्यांनी एकदम माझ्या मोबाइलवर तळहात दाबला.

"यातलं नोको. मोबाइलातलं होऊन गेलेलं राहते बाई. रेडिओतलं आता चालू राहते. तिथं लावून द्या. थे येतो म्हनतीन, अन् मंग गप होतीन न, तवा मी 'या' म्हनतो. एकच डाव. मंग काई नाई मांगत मी."

रेडिओवरची टेपसुद्धा होऊन गेलेलीच असते, हे माझ्या तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं. म्हटलं, "शेवटच्या रविवारी लावते. येतो म्हणेपर्यंत पूर्ण. आणि नंतरची जागाही ठेवते."

"पक्कं?"

"पक्कं. येते मग."

"या बाई," त्या म्हणाल्या. दारापर्यंत उठून आल्या.

शेवटचा रविवार आला. केंद्रात फुलं, हार, समोसे. सकाळी विजयकुमारांचा निरोपाचा संदेश ध्वनिमुद्रित झाला, तो ठरल्यापेक्षा लांबला. त्यांनी दारातून डोकावून म्हटलं, "थोड़ा एडजस्ट कर लीजिए, चारुलताजी." काय कापायचं ते त्यांनी सांगितलं नाही. ते मी ठरवलं. भाषावार कार्यक्रमांचे तुकडे आधीच आखडले होते. उरला होता भैयालालांचा शेवटचा 'येतो' आणि त्याच्यानंतरची मोकळी जागा. शिवाय आता प्रसारण कॉम्प्युटरवरून व्हायचं, आणि जरा शांतता झाली की ते यंत्र आपण होऊन सतारीची धून सुरू करायचं. ते बंद करून ठेवायला दोन ठिकाणी विचारावं लागलं असतं. मी स्वतःला सांगितलं, आवाज तर ऐकू येणारच आहे ना म्हातारीला. भरपूर आवाज आहे. शेवटचा एक शब्द गेला तर काय बिघडतंय? मी कापलं. मला आठवतं, कापून झाल्यावर मी समोसा खाल्ला.

दुपारी इतिहास वाजला. तेलुगू, मल्याळी, पंजाबी, सगळं छान जमलं होतं. भैयालाल बोलले, दोन निरोप सांगितले, हसले. मग म्हणाले, "बरं तं मंडळी..." आणि सतार सुरू झाली.

मी माझ्या हातानं ट्रान्समीटर बंद केला. टाळ्या वाजल्या. मरोद्याला जाऊन सांगायला हवं होतं की बाई, जमलं नाही. उद्या जाऊ, म्हणून मी टाळलं. उद्याही टाळलं.

त्याच आठवड्यात दिपालीचा फोन आला.

"मॅडम, आई गेल्या." मग ती रडत रडत जे बोलली त्यात मराठी आणि हिंदी मिसळून गेलं. "त्या दिवसापासून रेडिओपाशीच बसून होत्या. मले रेडिओ बंदच नाही करू द्यायच्या. मैं बोली, आई, स्टेशन बंद हो गया, आता खरखरच येते. तर म्हणायच्या, थे येतो म्हटल्याबगर जात नाई, थांब. खाना भी छोड़ दिया. बसल्या बसल्याच गेल्या, मॅडम. कान लावून."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हात धूत होते. कशासाठी, ते ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. सतरंजीवर बाया बसल्या होत्या. दिपालीनं माझा हात धरला आणि म्हणाली, तुम्ही आलात, आईंना बरं वाटलं असतं. ते ऐकून मला तिथून पळून जावंसं वाटलं. उठले, पदर सावरला आणि दारात वळून म्हटलं, "येते."

खोली चिडीचूप झाली. शेजारची रेणू म्हणून बाई होती, तिनं तोंडाला पदर लावला. "अव माय! मयतीच्या घरी..." दिपालीनं तिला खुणेनं गप्प केलं. हे मला कोणी शिकवायला नको होतं. मयताच्या घरून निघताना येते म्हणत नाहीत, मुकाट उठायचं आणि चालू लागायचं, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. पण ज्या जिभेला सवय लागली तिला घर कोणतं ते कळत नाही. मी जीभ चावली, पण आता काय उपयोग.

अर्थात 'या' कोणी म्हटलं नाही. आणि त्या चिडीचूप खोलीत माझ्या लक्षात आलं की फळीवरच्या रेडिओचा दिवा लागलेला आहे.

रेडिओ चालू होता. आवाजाचं बटण पूर्ण फिरवलेलं. आणि खरखर नव्हती.

"आईंनी बंद नको करू म्हटलं होतं," दिपाली म्हणाली. "मग आम्ही तसाच ठेवला. आता तो काहीच बोलत नाही, एकदम चुप आहे. आईंबरोबर तो भी गेला वाटते."

बाकीच्यांच्या लेखी मुका रेडिओ म्हणजे बिघडलेला रेडिओ. मी पुढे झाले आणि काटा थोडा सरकवला. मोठ्यानं खरखर. परत आमच्या जागेवर आणला. शांतता. स्वच्छ, भरलेली शांतता, भैयालाल गप्प व्हायचे तशी. मी काटा होता तिथंच ठेवला आणि काही न बोलता निघाले.

दूरचं एखादं केंद्र याच जागेवर लागत असेल, असं मी गाडीत स्वतःला समजावलं. पण मीडियम वेव्ह दिवसा इतक्या लांबून येत नाही, हेही मला ठाऊक होतं. मग वाटलं, आपला ट्रान्समीटरच कोणीतरी चुकून चालू ठेवला असेल. मी सरळ माळावर गेले. मनोरा अर्धा उतरवून जमिनीवर निजवला होता, गॅस कटरवाले जेवायला बसले होते. ट्रान्समीटरच्या खोलीचं कुलूप माझ्याकडच्या किल्लीनं उघडलं. आतली यंत्रं काढून नेलेली, मनोऱ्याकडे जाणारी केबल कापलेली, तिच्या तोंडाला कोणीतरी प्लास्टिकची पिशवी बांधलेली. मी लोखंडी फ्रेमवर हात ठेवला. थंड होती.

माझ्याकडे हातातला छोटा रेडिओ असतो. असला रेडिओ आडवा धरून फिरवला तर आवाज एका दिशेला वाढतो आणि एका दिशेला मरतो, त्यावरून केंद्र कुठं आहे ते कळतं. आम्ही तरुणपणी चोरटी केंद्रं अशीच शोधायचो. मी माळावर उभी राहून रेडिओ फिरवला. शांतता मनोऱ्याकडून येत नव्हती. मरोद्याकडून येत होती.

मी गाडी हळूहळू चालवत वस्तीत शिरले. प्रत्येक वळणावर थांबून रेडिओ फिरवला. शांतता दाट होत गेली. भागीरथाबाईंच्या गल्लीच्या तोंडाशी ती इतकी दाट झाली, की रेडिओ कुठंही वळवला तरी फरक पडेना. मी गाडीतच बसून आवाज वाढवला आणि रेडिओ कानाला लावला.

आधी काहीच नव्हतं. मग बाज करकरली. मग चांदीवर चांदी वाजली, अगदी हलकेच, कोणी मनगट वळवल्यासारखी. मग श्वास. तो घेतलेला होता आणि सोडलेला नव्हता. कोणी मन लावून ऐकत असलं की श्वास असाच धरून ठेवतं.

मी मनात म्हटलं, कुठल्यातरी घरातला आवाज कुठल्यातरी तारेत शिरला असेल. गंजलेला सांधा असेल.

तेवढ्यात प्लांटचा भोंगा झाला. तो मला गाडीच्या खिडकीतून ऐकू आला. आणि तोच भोंगा, जरासा दबका, बंद खोलीतून ऐकू यावा तसा, रेडिओतूनही आला.

आमचं केंद्र बंद होतं. चालू होती ती तिची खोली. तिथून बोलणं येत नव्हतं, ऐकणं येत होतं.

मला भीती वाटली नाही. लाज वाटली. इतकी, की मी रेडिओ मांडीवर पालथा घातला. त्या बाईनं माझ्याकडे एक शब्द मागितला होता, आणि तो शब्द माझा नव्हताच, मी फक्त तो पोचवायचा होता. माझं काम म्हणून मी जन्मभर तेवढंच करत आले होते. आणि एवढी साधी गोष्ट मी एका समोशाच्या वेळात कापून टाकली. आता ती मेल्यावरही वाट पाहत होती, आणि तिला वाट पाहायला लावणारी मी होते.

मी ठरवलं, शब्द नेऊन द्यायचा. त्या फळीसमोर मूळ टेपचा शेवट वाजवायचा. मोबाइलातलं तिला नको होतं हे मला आठवत होतं. पण तिची खोलीच आता रेडिओ झाली होती, तेव्हा तिथं वाजेल ते चालू असलेलंच असेल, असा माझा हिशोब. हसू येण्यासारखा, पण माझ्याकडे दुसरा नव्हता.

मूळ टेपवरून आवाज मी पुन्हा काढून घेतला. या वेळी पूर्ण, शेवटच्या शांततेसकट. दिपालीला फोन करून सांगितलं की संध्याकाळी येते, रेडिओ तसाच चालू ठेव. ती म्हणाली, "हाँ मॅडम, तो तर चुपच आहे अजून."

पुन्हा रविवारच होता, दुपारची वेळ. दुर्गमधल्या बोरसीच्या माझ्या फ्लॅटमध्ये मी एकटीच राहते. तपासल्याशिवाय काहीही पुढे पाठवायचं नाही, ही माझी नोकरीतली जुनी सवय, म्हणून लॅपटॉप बाहेरच्या खोलीत टेबलावर ठेवला आणि टेप पहिल्यापासून लावली. शेजारी छोटा रेडिओ आमच्या जागेवर चालू होता. इथंही ती शांतता येत होती, मरोद्याहून, बारीक.

भैयालाल निरोप सांगू लागले. आमगावचा एक, साकोलीचा एक. आवाज छान स्पष्ट होता. गॅसवर चहा ठेवला होता, तो उतू जायला आला म्हणून मी आत गेले. गॅस बारीक केला. फडकं शोधत होते.

बाहेरून आवाज आला, "बरं तं मंडळी, येतो."

"या," मी म्हटलं.

स्वयंपाकघरातून. आईसारखं. मागे वळूनही न बघता.

फडकं हातात तसंच राहिलं. बाहेर टेपमधली शांतता चालू होती. मग ती संपली.

आणि छोटा रेडिओ खरखरू लागला.

मी धावत बाहेर आले. काटा जागेवरच होता. रेडिओ उचलून सगळीकडे फिरवला. कुठूनही शांतता येईना, नुसती खरखर. रिकाम्या घराची.

लॅपटॉपवर टेप पुन्हा लावली. आमगावचा निरोप, साकोलीचा निरोप, हसणं. "बरं तं मंडळी..." आणि टेप तिथंच संपली. पुन्हा लावली. तिथंच. मी त्या रविवारी कात्री लावली होती, अगदी तिथं.

खाली जिन्यापाशी कोणीतरी सायकल स्टँडवर लावली. खट्. आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाकडे सायकल नाही.

मी कडी लावायला दाराकडे जाणार होते. पण आत येणाऱ्याला आपणच या म्हटलंय, मग कडी कसली लावायची? मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, ओट्याकडे तोंड करून. चहा उतू गेला. पंखा डोक्यावर फिरत होता आणि त्याचा आवाज येत नव्हता. घर स्वच्छ शांत झालं होतं.

फोन वाजला. दिपाली.

"मॅडम, रेडिओ एकदम खरखर करून राहिला." ती घाईनं, दबक्या आवाजात बोलत होती. "अन् त्याच्यात आईंचा आवाज आहे, मॅडम. सच्ची. मी एकटी नाही, रेणू पण आहे इथं, तिनं पण ऐकला. एकच गोष्ट विचारून राहिल्या. बार बार."

"काय विचारतात?"

"आले का, म्हणून." ती थांबली. पलीकडची खरखर मला फोनमधूनही ऐकू येत होती. "मी काय सांगू त्यांना, मॅडम?"

मला उत्तर ठाऊक होतं. बाहेरच्या खोलीत वेताची खुर्ची करकरली, आणि मिरच्यांचा ओला, हिरवा वास घरभर पसरला.